समुद्र इथवर आला होता

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे आणि मला पाण्याची भीती वाटते. समुद्राकाठच्या बागेत उभ्या असलेल्या दगडाने असं बोलणं शोभत नाही, हे मला कळतं. लोक एकमेकांना "दगडासारखा काय उभा राहिलास?" म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे कसलीच पर्वा नसलेला कुणीतरी असतो. दगड हलत नाही म्हणजे तो घाबरत नाही, असा त्यांचा समज आहे. मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो, कित्येकदा तो घाबरलेला असतो म्हणूनच हलत नाही.

माझा जन्म डोंगरातल्या खाणीत झाला. तिथे मी सुखात होतो. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सगळे नातेवाईकच. सुरुंग लागला की नातेवाईक थोडे कमी व्हायचे, पण त्याची सवय होते. पाथरवटाने मला निवडलं ते एका दवाखान्याची पायरी करायला. मला ते स्थळ पसंत होतं. आयुष्यभर आजारी माणसांच्या चपला अंगावर घ्यायच्या, एवढंच काम. पण त्याच आठवड्यात समुद्रात काय बिनसलं कोण जाणे, गावात मोठं पाणी आलं आणि दवाखानाच राहिला नाही. मग पायरी कशाला लागते?

मोठं पाणी मी पाहिलेलं नाही. पाथरवटानेही पाहिलं नाही, कारण तो माझ्याजवळ खाणीत होता. पाहिलं ते त्याच्या आईने. त्या सकाळी तिची शेळी सुटून चढावर पळाली होती. शेळी पुढे आणि म्हातारी मागे, शिव्या घालत. बराच चढ चढून झाल्यावर खालून कसलातरी आवाज आला म्हणून तिने वळून पाहिलं, तर समुद्र गल्लीतून येत होता. माणसं येतात तसा, कोपऱ्यावर वळून. तो चढ चढला, शेळीच्या खुरांपर्यंत आला, तिथे जरा थांबला आणि परत गेला. जाताना म्हातारीचं घर, थोरला मुलगा आणि सून घेऊन गेला. शेळी तेवढ्या वेळात एक झुडूप खात होती.

पुढे गावाने ठरवलं, एक दगड उभा करायचा. मोठ्या मंडळींनी मजकूर लिहून पाठवला. तो इतका ऐसपैस होता की माझी छाती, पाठ आणि दोन्ही कुशी भरून उरला असता. पाथरवट तो मोठ्याने वाचत होता आणि म्हातारी शेजारी बसून ऐकत होती.

"पळणाऱ्या माणसाला एवढं वाचायला वेळ असतो का रे?" ती म्हणाली.

"मग काय कोरू?"

"समुद्र इथवर आला होता. याच्या खाली घर बांधू नका. झालं."

"आणि दादाचं नाव? वहिनीचं?"

म्हातारीने माझ्यावरची धूळ पदराने पुसली. मग म्हणाली, "नाव घातलंस तर लोक हळहळतील आणि पुढे जातील. त्यांना हळहळायला नको लावू. त्यांना घाबरव."

पाथरवटाने छिन्नी लावली. मित्रांनो, माझ्या मते भीती माझ्यात शिरली ती तेव्हा. त्याचा हात थरथरत होता आणि प्रत्येक घावाबरोबर ते थरथरणं आत उतरत होतं. 'समुद्र' या शब्दातल्या 'मु'चा उकार जरा वाकडा आहे. तिथे तो रडायला लागला होता.

मला चढावर नेलं. म्हातारीने शेळीला त्या झुडपापाशी परत नेऊन उभं केलं आणि म्हणाली, "इथे. हिच्या पायाशी." अशी माझी जागा एका शेळीने ठरवली. नंतरच्या काळात मोठमोठ्या इंजिनियरांनी ठरवलेल्या जागा मी पाहिल्या आहेत. शेळीचं काम जास्त चोख होतं.

त्यानंतरची कित्येक वर्षं माझी चांगली गेली. माझ्या खाली लोक जाळी वाळत घालत, होड्या ओढून ठेवत, पण घर कुणी बांधत नसे. पोरगं समुद्राकडे फार वेळ रमलं की आई त्याला कान धरून माझ्यासमोर उभं करी. "वाच. मोठ्याने वाच." पोरगं वाचे, जरासं घाबरे आणि घरी जाई. एवढंच माझं काम होतं. मीही घाबरलेला आणि तेही घाबरलेलं, त्यामुळे आमचं छान जमे.

मग माणसं बदलली. पाणी पाहिलेली माणसं गेली, पाणी पाहिलेल्यांकडून ऐकलेली माणसं म्हातारी झाली आणि खाली किनाऱ्यालगत नगरपालिकेने बाग करायला घेतली. चढावर, अगदी मला खेटून, बागेसाठी पाण्याची टाकी बांधायचं ठरलं. सामानाच्या ट्रकला मी आडवा येत होतो.

"जरा खाली घ्या त्याला," मुकादम म्हणाला. "तात्पुरता."

मित्रांनो, या जगात दगडापेक्षा टिकाऊ एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तात्पुरती सोय.

मला उचलणाऱ्यांत माळीकाका होते. तेव्हा ते कुणाचे काका नव्हते, नुकतेच लग्न झालेले एक माळी होते. त्यांनी मला मिठी मारली, दोघांनी मागून ढकललं आणि मी ट्रॉलीवर आडवा झालो. खाली एका मोठ्या झाडाशी खड्डा खणून मला उभा केला. पडू नये म्हणून जरा खोल पुरला.

मी झाडाखाली उभा राहून ओरडत होतो, की अहो, मी इथला नाही, समुद्र इथवर नाही, तिथवर आला होता! पण दगडाचं ओरडणं हे दगडाच्या गप्प बसण्यासारखंच दिसतं.

दुसऱ्यांदा मला हलवलं ते झाडाच्या मुळांनी मी कलायला लागलो म्हणून. तेव्हा एका बाकाजवळ नेलं, आणखी खाली. पुन्हा माळीकाकांची मिठी, पुन्हा आणखी जरा खोल खड्डा. मला जगात सगळ्यात जास्त वेळा कवटाळलेला माणूस म्हणजे माळीकाका, आणि त्यांनी मला एकदाही वाचलं नाही. वाचता येत नव्हतं अशातला भाग नाही. पण ज्याच्यावर रोज फावडं टेकवून ठेवायचं, त्याला कोण वाचत बसतं?

तिसऱ्यांदा हलवलं ते नव्या उद्यान अधीक्षकांनी. त्यांना सगळे 'साहेब' म्हणत. साहेबांच्या गळ्यात कायम एक शिट्टी असे, जी ते कधीच वाजवत नसत, आणि तोंडात कायम एक शब्द असे, जो ते सतत वाजवत. तो शब्द 'लुक'.

"काका, हा ऐतिहासिक दगड बाकामागे कशाला? फोटोत समुद्र येत नाही. कठड्याजवळ घ्या. मागे लाटा, पुढे दगड. लुक आला पाहिजे."

"आणू की साहेब."

अशा रीतीने मी थेट कठड्याशी आलो. पडू नये म्हणून या वेळी सिमेंटमध्ये पुरला, इतका खोल की माझी दुसरी ओळ, 'याच्या खाली घर बांधू नका', सगळीच्या सगळी जमिनीत गेली. वर राहिलं फक्त 'समुद्र इथवर आला होता'. समोर हातभर अंतरावर समुद्र. सहलीला आलेली पोरं माझ्याकडे बघत, मग समुद्राकडे बघत आणि म्हणत, "बाई, हा तर आजपण आलाय." बाई म्हणत, "पुढे चला, रांग मोडू नका."

माझ्या शेजारी फायबरचा एक पेंग्विन होता. तो कचरापेटी होता. त्याच्या पोटावर 'मला वापरा' असं लिहिलं होतं आणि त्याचं तोंड सदैव उघडं असे. सुरुवातीला मला वाटलं, तोही घाबरलाय. पण नाही, त्याची बांधणीच तशी होती. त्याला लोक वापरत. आम्हा दोघांत खरं बोलणारा तोच होता.

आता खरी भीतीची गोष्ट.

बागेत काम करणाऱ्या बायकांची लहान पोरं दिवसभर झाडाखाली लोळत असत. त्यांच्यासाठी पाळणाघर बांधायचं ठरलं. चांगलं काम होतं ते, मी त्याच्या विरोधात नव्हतो. पाळणाघर चालवायला ज्या ताई नेमल्या, त्यांना सगळे पाठीमागे 'हेडमास्तरीण' म्हणत आणि समोर श्वास रोखून उभे राहत. साहेब त्यांना जागा दाखवायला घेऊन आले. बरोबर माळीकाका होते, आणि काकांच्या खांद्यावर त्यांची नात. तिचं नाव मुंगी. म्हणजे कागदोपत्री दुसरं काही असेल, पण ती चावायची, म्हणून मुंगी.

साहेबांनी माझ्या मागची हिरवळ दाखवली. "इथे. समुद्राची हवा, मोठ्या खिडक्या."

"समुद्र फार जवळ नाही का?" ताई म्हणाल्या.

साहेब हसले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मित्रांनो, तो हात मी विसरणार नाही.

"ताई, मी हवेत बोलत नाही. हा बघा पुरावा. सगळ्यात मोठं पाणी आलं तेव्हासुद्धा समुद्र कुठवर आला होता? इथवर. आणि आपण आहोत याच्या वर. काळ्या दगडावरची रेघ आहे ही."

ताईंनी मला नीट वाचलं. मला खाली आणल्यापासून नीट वाचणाऱ्या त्या पहिल्याच. "हं," त्या म्हणाल्या. "दगडावर कोरलंय म्हणजे खरंच असणार. खोटं कोरत कोण बसेल? हात दुखतात."

"दगड पक्का आहे," काका म्हणाले. "त्याची काळजीच नको."

"मला खाली सोड," मुंगी म्हणाली. तिने येऊन मला चाटलं, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा चाटलं.

माझ्या शब्दावर पाळणाघर उभं राहिलं. खांब भरले, भिंती आल्या, निळे पडदे लागले. आत रोज दुपारी पोरं ओळीने झोपत आणि त्यांच्यामध्ये आणि समुद्रामध्ये उभा कोण, तर मी. एक खोटा साक्षीदार, तोही नाइलाजाने. रोज भरती आली की माझ्या अंगावर काटा येई. लोक त्याला शेवाळ म्हणत.

मी काहीच केलं नाही असं समजू नका. आधी मी ठरवलं, आपलं कुणाला वाचताच येऊ नये. मी शेवाळ वाढवलं. जमेल तेवढं दव धरलं, एका गोगलगायीला कायमचा आसरा दिला. अक्षरं जवळजवळ बुजत आली होती. तेव्हा ताईंनी पाळणाघरात 'इतिहास-स्वच्छता उपक्रम' काढला. पोरांना जुने टूथब्रश वाटले. त्यांनी मला सकाळभर घासलं, 'समुद्र इथवर आला होता' अगदी लख्ख केलं आणि शेवटी मला टाळ्या वाजवून शाबासकी दिली. गोगलगाय मुंगीच्या खिशात गेली. तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही.

मग मी तडा पाडून घ्यायचं ठरवलं. उन्हात तापायचं, रात्री थंड व्हायचं, पुन्हा तापायचं. फार चिकाटीचं काम असतं ते. अखेर खांद्यापासून कमरेपर्यंत एक सुंदर तडा गेला. मला वाटलं, आता आपण दुभंगू, मग हा पुरावा कुणी ग्राह्य धरणार नाही. काकांनी तडा पाहिला, हळहळले, सिमेंट कालवून आणलं आणि बोटाने नीट भरून टाकलं. "आता शंभर वर्षं बघायला नको," असं म्हणून त्यांनी माझी पाठ थोपटली. इतक्या प्रेमाने मला कुणी हतबल केलं नव्हतं.

आणि तो दिवस आला.

सकाळपासून वारा चमत्कारिक शिट्ट्या मारत होता. आभाळ खाली उतरलं होतं. समुद्राचा रंग भांडी घासलेल्या पाण्यासारखा झाला होता. दूर कुठेतरी वादळ आहे, दुपारच्या भरतीला किनाऱ्यावर थांबू नये, अशी सूचना आली. साहेबांनी तिचा बारकाईने विचार केला. किनारा म्हणजे काय? दगडाच्या खाली तो किनारा, दगडाच्या वर ती बाग. म्हणून त्यांनी एक दोर मागवला, त्याचं एक टोक माझ्या गळ्यात बांधलं, दुसरं पेंग्विनच्या, आणि फर्मान काढलं, "दोराच्या पुढे कुणी जायचं नाही. दोराच्या मागे सगळं सुरक्षित."

मित्रांनो, ज्याला खरी जागा माहीत आहे, त्याच्याच गळ्यात खोट्या हद्दीचा दोर बांधला होता. त्या क्षणी वाटलं, दवाखान्याची पायरी झालो असतो तर बरं.

दुपारी समुद्र चढायला लागला. बागेत गर्दी जमली. शहाणीसुरती माणसं, हातात फोन, दोराच्या मागे शिस्तीत उभी. लाट कठड्यावरून उडाली की "ओऽऽ" करायची आणि मागे न हटता ओली व्हायची.

"येतोय, येतोय!"

"दगडापर्यंत येतो का बघ. पैज!"

"येणार रे. इतिहास आहे तसा."

पाणी कठडा ओलांडून आलं. फेसाची एक जीभ माझ्या पायाला लागली. मला समुद्राचा झालेला तो पहिला स्पर्श. तो गार नव्हता, कोमट होता. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

पाणी माझ्या पायाशी क्षणभर थांबलं आणि गर्दीने टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

"बरोब्बर! दगडाला टेकलं!"

"बघितलंत?" साहेब आनंदाने म्हणाले, जणू समुद्र त्यांच्या खात्यात नोकरीला होता. "पायाशी आलं आणि थांबलं. याला म्हणतात इतिहास!"

पाळणाघराची खिडकी उघडली. ताईंनी डोकं बाहेर काढलं. "साहेब, पोरं झोपलीत. उठवू का? नेऊ का कुठे?"

"झोपू द्या हो ताई. पाणी दगडाशी आहे."

मी ओरडत होतो. आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो इतका. पेंग्विन तोंड उघडं ठेवून समोर बघत होता. मागे निळ्या पडद्याआड पोरं झोपलेली, माझी दुसरी ओळ सिमेंटखाली पुरलेली आणि लोक माझ्या पहिल्या ओळीचे फोटो काढत होते.

माळीकाका माझ्याजवळच होते. सगळे दगडाचं कौतुक करतायत हे बघून त्यांची छाती फुगली. वाऱ्यातही सगळ्यांना ऐकू जावं अशा आवाजात ते म्हणाले, "थांबणारच पाणी! दगड असा बसवलाय की बास. मीच बसवलाय. तिन्ही वेळा मीच बसवलाय!"

खिडकी बंद होत होती, ती अर्ध्यावर थांबली.

"तिन्ही वेळा म्हणजे?" ताई म्हणाल्या.

"म्हणजे आधी तो टाकीपाशी होता, तेव्हा मी आणला झाडाखाली. मग मुळांनी कलला, तेव्हा मी आणला बाकापाशी. मग साहेब म्हणाले लुक पाहिजे, तेव्हा मी इथे..."

काकांचं वाक्य चालता चालता बसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खूप वर्षांनी, बहुधा पहिल्यांदाच, त्यांनी मला वाचलं. ओठ हलवून वाचलं. मग त्यांनी मान वळवली आणि वर पाहिलं. त्यांचं बघून साहेबांनी पाहिलं, साहेबांचं बघून गर्दीने. टाकी बागेच्या वर होती, रस्त्याच्याही वर, जिथे जाताना लोक मध्येच कमरेवर हात ठेवून दम खातात, तिथे.

"आई गं," काका म्हणाले. एवढंच.

ताईंनी खिडकी बंद केली आणि दुसऱ्या क्षणी दार धाडकन उघडलं. साहेबांनी गळ्यातली शिट्टी तोंडात घातली आणि फुंकली. तिचा आवाज कुणीच कधी ऐकला नव्हता. फार केविलवाणा होता तो, पण सगळे पळाले. पळाले म्हणजे आधी पाळणाघराकडे पळाले, हे मला सांगितलंच पाहिजे. मघाशी पैज लावणारे दोघे प्रत्येकी एक पोर उशीसारखं काखेत मारून बाहेर पडले. साहेबांकडे दोन पोरं होती, त्यातलं एक जागं होऊन त्यांचीच शिट्टी वाजवत होतं. ताई दारात उभ्या राहून एकेकाला बाहेर ढकलत होत्या. "चला! चपला राहू दे! राहू दे म्हटलं ना!" आणि माळीकाका उलट्या दिशेने, आत, ओरडत, "मुंगे! मुंगे, कुठे आहेस?"

काका बाहेर आले की नाही, ते मला दिसलं नाही. कारण तेवढ्यात समुद्र आला.

तो उंच नव्हता. चित्रात दाखवतात तशी लाटबिट काही नव्हती. सगळा समुद्रच उठून चालायला लागला होता. तो माझ्यावरून गेला. सिमेंटखालची वाळू त्याने एका घासात काढली, दोर तटकन तुटला आणि मी पालथा पडलो. मग पाळणाघर मोडल्याचा आवाज आला. आधी खिडक्या, मग भिंती. नंतर आवाजच नव्हता.

मी चिखलात तोंड खुपसून पडलो होतो. किती वेळ, किती दिवस, सांगता येत नाही, कारण माझ्याकडे दिवसही नव्हता आणि रात्रही नव्हती. मित्रांनो, आयुष्यभर मला पाण्याची भीती वाटत आली, पण खरं सांगतो, ती भीती लहान निघाली. पाणी अंगावरून गेलं, मला काही झालं नाही. मोठी भीती आता सुरू झाली होती. सगळी पोरं बाहेर आली का? एखादं चपलेसाठी मागे वळलं का? काका आत जाताना दिसले होते. बाहेर येताना नाही. चिखलात मला एकच गोष्ट करता येत होती, ती म्हणजे विचार, आणि तो मला थांबवता येत नव्हता.

वर पावलं वाजत. फावडी वाजत. कुणीतरी माझ्या पाठीवर बसून पाणी प्यालं. हा दगड आहे असं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पालथा पडल्यावर मी इतर दगडांसारखाच दिसतो.

मग एकदा माझ्या पाठीवर कुणीतरी छोट्या पायांनी नाचलं. नाचणं थांबलं. काहीतरी ओलं लागलं. ती जीभ होती.

"आबा," वरून आवाज आला, "हा झोपलाय. उठव ह्याला."

"कोण झोपलाय, मुंगे?"

"खारट दगड."

दगडाला रडता येत असतं, तर माझ्या एकट्यामुळे गावात पुन्हा पाणी आलं असतं.

काकांनी मला उलटा केला. त्यांच्या एका हाताला पट्टी होती. मागे ताई उभ्या होत्या आणि ताईंच्या मागे पोरं. सगळी होती. कशावरून, तर ताई चिडलेल्या होत्या. "नाक पूस. तू त्याचं नाक नको पुसूस, स्वतःचं पूस." एक जरी कमी असतं, तर त्या अशा चिडल्या नसत्या.

माझ्या अंगावरचं सिमेंट पडून गेलं होतं आणि दुसरी ओळ उघडी झाली होती. काकांनी ती बोटाने साफ करून वाचली. मग ते माझ्याशेजारी चिखलात बसले.

"काका, मूळची जागा आठवते का? नेमकी?" ताईंनी विचारलं.

"खड्डा असेल अजून. आम्ही बुजवला नव्हता. तात्पुरता होता ना."

खड्डा होता. टाकीमागे, प्लास्टिकच्या बाटल्यांनी भरलेला. या वेळी पाणी त्याच्या खाली हातभर अंतरावर थांबलं होतं, पण ते पाहायला तिथे कुणी नव्हतं. त्या दिवशी सगळे टाकीच्याही पुढे, पार टेकडीच्या माथ्यापर्यंत पळाले होते. दगडावरचा विश्वासच उडाला होता त्यांचा. मी त्यांना दोष देत नाही.

मला वर चढवायला अर्धं गाव आलं. साहेबांनी स्वतः ट्रॉली ढकलली. एका माणसाने सुचवलं, "साहेब, तोंड रस्त्याकडे केलं तर बरं दिसेल." साहेब म्हणाले, "दिसण्याचं नाव काढू नका." नवं पाळणाघर माझ्या मागे, वर, टपाल कचेरीच्या इमारतीत भरू लागलं. पेंग्विनचा फोटो वर्तमानपत्रात आला, कारण तो वाहत जाऊन एका गच्चीवर उभा राहिला होता, तोंड उघडं ठेवून. मला फोटो नको होता. मला माझी जागा मिळाली होती.

पण मित्रांनो, वर्षं थांबत नाहीत. माळीकाका गेले. साहेबांची बदली झाली. ताई निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेल्या आणि आता तिथे सगळ्यांची नाकं पुसत असतील. मुंगी मोठी होऊन दूर गावी शिकते. आजूबाजूला नव्या चपला आहेत, नवे चेहरे आहेत. खाली बाग पुन्हा हिरवी झाली आहे, कठडा पुन्हा रंगवला आहे.

आज सकाळी दोन माणसं टेप घेऊन आली. टाकीशेजारी गाड्या लावायला जागा करायची आहे. एकाने टेपचं टोक माझ्या डोक्यावर धरलं.

"हा मध्ये येतोय. जरा खाली घेतला तर गाड्या वळतील."

"काय लिहिलंय त्याच्यावर?"

"आलं होतं म्हणे कुणीतरी कुठवर."

"मग खालीही आलंच असेल की."

मित्रांनो, माझी तुमच्याकडे फार मोठी मागणी नाही. मला रंग देऊ नका, मला घासू नका, माझ्यासोबत फोटो काढू नका. माझ्यावर फावडं टेकवलंत तरी चालेल. पण कुठेही एखादा जुना दगड, पाटी, खांब दिसला आणि कुणी त्याला उचलायला वाकलं, तर एवढंच विचारा, की हा इथे कुणी आणि का लावला होता? उत्तर आलं नाही, तर उचलू देऊ नका. त्याला स्वतःला सांगता येत नाही. तो आत ओरडत असतो.

आत्ता ते दोघे चहा प्यायला गेले आहेत. ट्रॉली इथेच ठेवून गेले आहेत. तुम्ही जवळपास असाल तर, मित्रांनो, जरा लवकर या.